मागं सरकलेली सीट

१

ज्योत्स्ना गेली त्याच्या चौदाव्या दिवशी तिची आई लीलाबाई पवनारहून पहिल्या बसने वर्ध्याला आली, अण्णाजी भोयरांच्या दारात उभी राहिली आणि आत न येताच म्हणाली, "माह्या पोरीले गाडी चालवणं तुम्हीच शिकवलं ना?"

अण्णाजींनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटार मेकॅनिकची पोरं घडवून ते निवृत्त झाले होते आणि आता एका जुनाट गाडीवर लोकांना ड्रायव्हिंग शिकवत होते. चौदा दिवस त्यांना या प्रश्नाची धास्ती होती.

"मीच शिकवलं, बाई. आत या."

"येते. पण आधी एक सांगा. ती कशी चालवे?"

"तिच्याइतकं सावध कोणी पाह्यलं नाई मी. पूल आला की ती बैलगाडीपेक्षा हळू होऊन जाय. मले राग ये."

"मंग ती पुलाच्या कठड्यावर कशी गेली?"

अपघात साऱ्या तालुक्याला ठाऊक होता. मार्च २००७, सकाळी अकराचा सुमार. अल्लीपूरच्या किसनराव धोट्यांची महिन्याभरापूर्वी घेतलेली जुनी गाडी गावाबाहेरच्या अरुंद पुलाच्या डाव्या कठड्यावर जाऊन आदळली. त्यांची सून ज्योत्स्ना जागीच गेली. स्वतः किसनराव आणि सात वर्षांची नात गुंजन मागच्या सीटवर होते म्हणून वाचले, असं सगळे सांगत. रोज किसनरावच गाडी चालवत, पण त्या दिवशी सुनेनं हट्टानं किल्ली घेतली म्हणे. धडकेनं ती डावीकडे फेकली गेली आणि तिथंच चेपली. तिच्या पर्समध्ये शिकाऊ लायसन सापडलं, तेव्हा पोलिसांनी चालक म्हणून तिचंच नाव लिहिलं. चालक मयत, प्रकरण संपलं.

ते लायसन अण्णाजींनीच काढून दिलं होतं. जानेवारीपासून ज्योत्स्ना आठवड्यातून तीनदा येत होती, घरी "आईकडे जाते" म्हणून सांगून. "पक्कं लायसन हातात पडलं की मीच सगळ्यांले सांगीन," असं तिनं त्यांना बजावलं होतं. नवऱ्याला चकित करायचं असेल, असं समजून ते मनातल्या मनात हसले होते. पक्क्या लायसनची परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

लीलाबाई खुर्चीच्या कडेवर बसली. चेहरा कोरडा होता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा.

"गाव बोलून राह्यलं, बोलू द्या. बाईच्या हाती गाडी देली म्हणून असं झालं म्हणतात. पण माही नात म्हणते वो. मांडीवर बसून म्हणते, आईनं गाडी ठोकली. ती पोरगी जन्मभर आईले असंच आठवन काय?"

 अण्णाजींच्या मनात दुसराही काटा होता, आणि तो लीलाबाईला ठाऊक नव्हता. ती गाडी घेण्याआधी पाहून, ठोकून, "घ्या" म्हणून सांगणारे तेच होते.

२

ज्योत्स्नाचा नवरा नीलेश हिंगणघाटला एका शाळेत मास्तर होता. फेब्रुवारीत तो अण्णाजींकडे आला होता, गाडी तपासून द्या म्हणून. शोरूममध्ये कोणीतरी नाव सांगितलं, म्हणाला. दिवाळीपासून घरात एकच विषय चालला होता: गाडी नवी घ्यायची की जुनी? नवी छोटी कार सगळ्यांना पसंत पडली होती, रंगसुद्धा ठरला होता. पण ऐन वेळी किसनराव फिरले. कार नको, उंच गाडीच हवी. शेताचा रस्ता खराब आहे, खालून दगड लागतील. जीपच्या उंचीची, कारच्या लांबीची, घरच्या माणसांना नीट बसता येईल अशी गाडी त्या काळी एखाद-दुसरीच मिळे आणि नवी आवाक्याबाहेरची होती. मग जामच्या चौकातल्या एका दलालाकडे चार वर्षं वापरलेली रुपेरी गाडी सापडली.

अण्णाजींनी तासभर ती तपासली होती. ती चांगलीच होती. तरीही लीलाबाई गेल्यावर त्यांना वाटलं, आपल्याकडून ब्रेक पाहायचे राहिले असतील. दलालानं नंतर काही बदललं असेल. खरं सांगायचं तर त्यांना तसंच निघायला हवं होतं. म्हणजे दोष दलालाचा आणि आपला, पोरीचा नाही.

पोलीस ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली ती गाडी पडली होती. हवालदार त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. "पाहा सर, पाह्यजे तेवढं," म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला.

डावी बाजू पुढून दोन दारांमधल्या खांबापर्यंत आत गेली होती. उजवी जवळजवळ धड होती. अण्णाजी जमिनीवर आडवे झाले. ब्रेकचं तेल जागेवर, नळ्या धड, पट्ट्या नव्यासारख्या. चारही चाकांत दोष म्हणून नव्हता.

"रस्त्यावर ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या?" त्यांनी विचारलं.

"एकही नव्हती, सर. ब्रेक मारलाच नाई बाईनं. घाबरली असन."

घाबरलेला माणूस ब्रेक चुकवतो, पण काहीतरी करतो. चाक वळवतो. ही गाडी सरळ रेषेत कठड्यावर गेली होती, जणू तिथं कठडा नव्हताच.

ते चालकाच्या दारातून आत वाकले आणि थबकले. सीट पार मागे, शेवटच्या खाचेत होती. जामला त्यांनी स्वतः नीलेशला दाखवलं होतं: सीटखालची पट्टी गंजली आहे, तेल घाला, नाहीतर ही जागची हलायची नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा ओढला. मग दारात पाय रोवून ओढला. सीट तसूभरही सरकली नाही. तेल कोणी घातलंच नव्हतं.

ज्योत्स्ना पाच फुटांना दोन बोटं कमी होती. त्यांच्या शिकवायच्या गाडीत सीट सगळ्यात पुढे घेऊनही तिच्या पाठीमागे उशी द्यावी लागे, तेव्हा कुठे क्लच पूर्ण दबे. इथं उशी नव्हती. या सीटवर बसून तिचा पाय पायडलपर्यंत पोचलाच नसता.

ती गाडी ज्योत्स्नानं चालवलेलीच नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी ते अल्लीपूरला गेले. फाट्यापासून धोट्यांच्या शेतापर्यंतचा रस्ता त्यांनी मुद्दाम पायी पाहिला. मागच्याच वर्षी पडलेलं डांबर तळहातासारखं गुळगुळीत होतं. कुठला खराब रस्ता? कोणते दगड?

ओसरीवर किसनराव खाटेवर बसले होते. सहा फुटांचा, एकेकाळी पंचक्रोशीत दबदबा असलेला माणूस, आता वाकून अर्धा झालेला. अण्णाजी बाजूच्या दारातून आले आणि "रामराम" म्हणाले. किसनरावांनी समोरच्या भिंतीकडे पाहतच रामराम घेतला. अण्णाजींना वाटलं, दुःखानं माणूस असाच होतो. म्हाताऱ्याचा एक हात सारखा छातीवर होता. बोलताना मध्येच श्वास तुटे.

"काऊन आले, अण्णाजी? गाडी तर गेली."

"पोरगी माही विद्यार्थिनी होती, किसनराव. भेटायले आलो."

किसनरावांची बायको प्रमिलाबाई आतून आली. तिनं पाणी दिलं, चहा टाकला, आणि न विचारता सगळं सांगितलं. रोज हेच चालवत, पण त्या दिवशी सूनबाई म्हणाली मले येते, मीच चालवतो. हे मागं पोरीजवळ बसले. तिच्या आईकडं पवनारले चालले होते. सगळं एका दमात, कुठेही न अडखळता. मग मात्र तिचा आवाज वेगळा झाला.

"आता पोरीचंच पाहा. एवढं ऊन तापून राह्यलं, पाणी मागत नाई. देलं तर पिते, नाई तर तशीच राह्यते. कोरड्या ओठांनी."

गुंजन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. अण्णाजींनी तिला जवळ बोलावलं. विचारलं नव्हतं तरी ती म्हणाली, "आई गाडी चालवत होती. मी झोपले होते."

मग त्यांच्याकडे नीट पाहून तिनं विचारलं, "तुमी आईचे सर होते काय? आई म्हने, तुमी लय रागावता."

अण्णाजी चमकले. दुसरं बोलणं पोरीचं होतं. पहिलं नव्हतं. अल्लीपूरची सात वर्षांची पोर "मी झोपले होते" म्हणत नाही, "झोपली होती" म्हणते. ते वाक्य कोणीतरी पुस्तकी भाषेत तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

तेवढ्यात नीलेशचा धाकटा भाऊ पियुष मोटरसायकल लावून आत आला. कॉलेजात शिकणारा, बापाच्याच उंचीचा. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी.

"हाताले काय झालं रे?"

"पडलो गाडीवरून."

"अपघात झाला तेव्हा कुठं होता तू?"

"नागपूरले. फॉर्म भरायले गेलतो." तो एवढंच बोलला आणि घरात गेला. आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंही आईकडे पाहिलं नाही.

कॉलेजचं वय, सहा फूट उंची, पट्टी बांधलेला हात, आणि विचारल्याबरोबर तयार असलेलं उत्तर. अण्णाजी उठले. नीलेश त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटेत तो बायकोबद्दल एक शब्द बोलला नाही. ओसरीवर तिचा फोटोही लावलेला नव्हता. बस दिसायला लागली तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "माह्या पोरीले गाडीत घालून ती न येणारी गाडी चालवत होती, अण्णाजी. मी तिले माफ करू शकत नाई. पण एक समजत नाई. पियुष त्या दिवशी गावातच होता. सकाळी मीच त्याले पाह्यलं. तो खोटं काऊन बोलून राह्यला?"

४

अण्णाजी बसमध्ये चढले नाहीत. ते पुलाकडे चालू लागले.

पुलाला लागून असलेल्या वावरात धुरपता नावाची मजूर बाई विळ्यानं गहू सोंगत होती. अपघाताच्या दिवशीही ती तिथंच होती. पोलिसांनी तिला काही विचारलं नव्हतं.

"आवाज झाला तशी मी धावली," ती पदरानं घाम पुसत म्हणाली. "कोण चालवे ते नाई पाह्यलं, खोटं कायले बोलू? मी पोचली तेव्हा बुढे मालक रस्त्याच्या कडेच्या पाळीवर बसून होते, छाती धरून. सारखे म्हणत होते, दिसलंच नाई, दिसलंच नाई."

"आणि पियुष?"

"तो मंग आला न बाप्पा! आवाज झाल्यावर, गावाकडून, फटफटीवर. त्यानंच डाव्या बाजूची काच हातानं फोडली. सारा हात रक्तानं लाल. पण बाईत काई नव्हतं राह्यलं."

"डाव्या बाजूची? पुढची?"

"हो. तिथंच अडकून होती ते. हलवताच ये ना. धड बसली होती, पट्टा लावून."

अण्णाजींनी पुलाच्या तुटक्या कठड्याला हात टेकला. पट्टा लावून. उजवीकडून फेकली गेलेली बाई डाव्या सीटवर पट्टा लावून बसलेली कशी सापडेल? पियुष चालक नव्हता. पण ती कुठे बसली होती ते त्यानं पाहिलं होतं.

"आणि पोरगी?"

"मागं. गव्हाच्या पोत्याजवळ. दोन पोते होते, एक फुटलं होतं, साऱ्या गाडीत गहूच गहू. पोरीले त्याच्यातून काढलं मी."

गाडी तपासताना अण्णाजींनी नीलेशला कौतुकानं एक गोष्ट दाखवली होती. तिची मागची सीट दोन भागांत दुमडायची. मोठा भाग पाडला की सामानाला जागा होई आणि एका माणसापुरती सीट उरे. दोन पोती गहू ठेवायचा तर मोठा भाग पाडावाच लागणार. उरलेल्या एका जागेवर गुंजन होती.

मग किसनराव मागे कुठे बसले होते?

गाडीत तीनच जागा उरल्या होत्या. मागे पोर. पुढे डावीकडे पट्टा लावलेली ज्योत्स्ना. तिसरी जागा सहा फुटी माणसासाठी मागे सरकवलेली, जिच्या समोरच्या स्टिअरिंगनं छाती ठेचली जाते.

कोडं सुटलं असं म्हणता आलं असतं. पण अण्णाजींचं समाधान होईना. किसनराव चाळीस वर्षं ट्रॅक्टर, जीप, सगळं चालवत आले होते. लख्ख ऊन, कोरडा रस्ता, जन्मापासून ओळखीचा पूल. असा माणूस ब्रेकला पायही न लावता कठड्यावर का जाईल? आणि "दिसलंच नाई" म्हणजे काय?

५

उत्तर अल्लीपूरला नव्हतं. रस्ता गुळगुळीत असताना उंच गाडीचा हट्ट कशाला, हे विचारायला ते वर्ध्याच्या शोरूममध्ये गेले, तिथं ते मिळालं.

तिथं गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारी सुलोचना नावाची मुलगी होती. धोट्यांचं नाव काढताच तिनं मान खाली घातली.

"त्या ताई गेल्या ना? मीच तुमचं नाव सांगितलं होतं त्यांले."

"मले सगळं सांग. नवी कार काऊन नाकारली त्यांनी?"

"डिसेंबरात सगळे आलते. सगळ्यांले पसंत होती. मंग मोठे मालक म्हणाले, मी चालवून पाहतो. मागच्या आवारातच दोन चक्कर मारायचे होते. पहिल्याच चकरेत डाव्या बाजूच्या दोन कुंड्या गेल्या. त्यांले कळलंसुद्धा नाई, सर. आम्ही ओरडलो तेव्हा थांबले. उतरून म्हणाले, या गाडीत फार खाली बसावं लागते, आजूबाजूचं दिसत नाई. मले उंच गाडी पाह्यजे."

"आणि बाकीचे?"

"हसले. बुढा मोठ्या गाड्यांचा शौकीन हाय म्हणे. एकट्या ताई नाई हसल्या. त्या कुंड्यांकडं पाहत राह्यल्या. दुसऱ्या दिवशी एकट्याच परत आल्या. मले म्हणाल्या, लवकरात लवकर गाडी शिकवन असा माणूस सांग."

 बाजूच्या दारातून केलेला रामराम आणि भिंतीकडे पाहत दिलेलं उत्तर अण्णाजींना आता कळलं. गाडीची उंची शेताच्या रस्त्यासाठी नव्हतीच. एक माणूस हळूहळू आंधळा होत होता, आणि थोडं उंच बसलं तर जग परत दिसेल अशी वेडी आशा धरून त्यानं सगळ्या घराची निवड फिरवली होती. घरात फक्त एकीनं ते ओळखलं होतं.

तिला कोणाला चकित करायचं नव्हतं. तिला म्हाताऱ्याच्या हातून चाक काढून घ्यायचं होतं, त्याची अब्रू न घालवता.

६

रविवारी ते परत अल्लीपूरला गेले, तेव्हा सगळे घरी होते. त्यांनी प्रमिलाबाईला सांगून गुंजनला शेजारी पाठवलं. मग किसनरावांच्या खाटेच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभे राहिले आणि मूठ उघडून पुढे धरली.

"किसनराव, मान न वळवता सांगा. माह्या हातात काय हाय?"

म्हातारा समोर पाहत राहिला.  अण्णाजींच्या तळहातावर लालभडक टमाटा होता.

"बाबा," नीलेश म्हणाला. "बाबा, सांगा ना."

अण्णाजींनी मग सगळं सांगितलं. जागची न हलणारी सीट, पोचू न शकणारा पाय, डावीकडचा पट्टा, दुमडलेली मागची सीट, कुंड्या. आवाज चढवला नाही. एकेक गोष्ट सांगत गेले तसा नीलेश एकेक पायरी उतरत अंगणात गेला आणि तिथं उभा राहिला.

पियुषच आधी फुटला. "मीच पर्स उघडली. फोन शोधत होतो. लायसन निघालं. घरी फोन केला..."

"मी सांगितलं त्याले," प्रमिलाबाई म्हणाली. ती रडत नव्हती. "ह्यांचं लायसन दोन वर्षांपासून संपलेलं. मेलेलीले कोण पकडन? जित्याले तर नेतीन ना. पोलिसांसमोर पोरीनं काय बोलायचं तेही पियुषकडून पाठ करून घेतलं. मी केलं सगळं. मले बोला."

"तुम्हाले डोळ्यांचं माहीत होतं?" अण्णाजींनी तिला विचारलं.

"नाई," किसनराव म्हणाले. "कोणालेच नाई. काचबिंदू हाय. डॉक्टर म्हणे, आता समोरचं तेवढं दिसन, नळीतून पाह्यल्यासारखं. बाजूचं गेलं ते गेलं. मी घरी नाई सांगितलं. ज्यानं गाव चालवलं त्यानं सांगावं काय, मले दिसत नाई म्हणून? पण सूनबाईनं थेंबाची बाटली पाह्यली. ती बोलली नाई. रोज थेंब टाके. मी गाडी काढली की निघालीच बाजूले बसायले. मामाजी, डावीकडून बैल येऊन राह्यला. मामाजी, पूल आला, थोडं उजवीकडं घ्या. असं बोले की ऐकणाराले वाटे गप्पा मारून राह्यली. ते माहे डोळे होते."

त्यांचा श्वास तुटला. 

"मंग त्या दिवशी काऊन नाई बोलली ती?" नीलेशनं अंगणातून विचारलं.

"पूल येऊन राह्यलता. गुंजननं मागून पाणी मागितलं. आई पाणी, आई पाणी करून राह्यलती. ती बाटली द्यायले मागं वळली. तेवढंच. एवढंसं."

आतापर्यंत दगडासारखी बसलेली प्रमिलाबाई पदर तोंडात कोंबून हुंदके देऊ लागली. "त्याच्यासाठी सांगितलं पोरीले, तू झोपली होती. दवाखान्यात सारखी म्हणे, मी पाणी मागितलं म्हणून आई गेली. मी म्हटलं, नाई माय, तू झोपली होती. तू काईच मागितलं नाई. पोलिसांसाठी नाई फक्त. तिच्यासाठीबी."

नीलेश अंगणातल्या मातीत बसला. त्याला आता रागवायला बायको नव्हती, आणि बापाकडे पाहवत नव्हतं.

"लिहा, अण्णाजी," किसनराव म्हणाले. "जसं झालं तसं लिहा. मी सही करतो. उद्या ठाण्यावर घेऊन चला."

७

संध्याकाळी अण्णाजी पवनारला गेले. लीलाबाईनं अंगणात सतरंजी टाकली. अण्णाजींनी तिला सगळं सांगितलं. लेकीनं रोज थेंब टाकल्याचं ऐकलं तेव्हा तेवढी तिनं मान हलवली.

"उद्या सकाळी जबाब नोंदवतो," अण्णाजी म्हणाले. "पोरीवरचा ठपका जाईन."

"पाण्याचं लिहा लागन काय?"

"ते न लिहून कसं होईन? साहेब विचारन, रोज रस्ता सांगणारी त्या दिवशी काऊन चुकली. गुंजनलेही विचारतीन. गाडीत तीच होती."

"कोर्टातही?"

"कदाचित."

लीलाबाई उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. अण्णाजींना धाम नदीच्या पात्राकडून गाई परतल्याचा आवाज ऐकू येत होता. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. कशासाठी आत गेली ते बहुधा तिलाही ठाऊक नव्हतं.

"नका लिहू," ती म्हणाली.

"बाई, तुम्हीच तर..."

"मीच म्हटलं होतं. पोरीनं आईले चुकीचं आठवू नये म्हणून. आता ते पोरगी एक तर आईले चुकीचं आठवन, नाई तर स्वतःले. दोनातलं एक. माही ज्योत्स्ना असती तर तिनं काय केलं असतं, ते तुम्हीही जाणता, मीही जाणते." तिचा आवाज फाटला. "मेलेलीले अजून काय लागन वो? लागू द्या."

अण्णाजी वाद घालू शकले असते. खरं बाहेर आलंच पाहिजे, खोट्याच्या पायावर लेकरू वाढत नाही, असं काहीबाही त्यांच्या मनात येत होतं. त्यातलं एकही वाक्य त्या बाईसमोर उच्चारण्याच्या लायकीचं त्यांना वाटलं नाही. जबाबासाठी किसनरावांच्या तोंडून टिपून घेतलेला खिशातला कागद त्यांनी तिथंच फाडला. तीस वर्षं यंत्रांतले दोष शोधून दुरुस्त करण्यात गेलेल्या त्या माणसाला हा दोष बिनचूक सापडला होता आणि दुरुस्त काहीच करता येत नव्हतं.

नीलेशनं महिन्याच्या आत हिंगणघाटला खोली केली आणि गुंजनला घेऊन गेला. बापाशी तो पुन्हा बोलला नाही. का, ते गावाला कळलं नाही. गावानं त्याचाही दोष सुनेवर टाकला. पियुषनं कॉलेज सोडलं. पावसाळा संपेपर्यंत किसनरावांना समोरचंही दिसेनासं झालं. अण्णाजींनी ड्रायव्हिंग शिकवणं बंद केलं. त्यांच्याकडे शिकलेली बाई गाडी ठोकून मेली, अशी बोलवा झाली होती. लोक येतच नव्हते.

पुढच्या वैशाखात पवनारला एका लग्नाच्या पंगतीत त्यांना लीलाबाई दिसली. सुटीत आलेली गुंजन तिला टेकून बसली होती. समोरच्या बायकांत गाडीचा विषय निघाला. कोणाच्या तरी सुनेला चालवायला शिकायचं होतं.

"नको वो बाई," जामकडची एक पाहुणी म्हणाली. "ते अल्लीपूरची नाई काय, अडाणी, शिकायची हौस म्हणून सासऱ्याले न् लेकराले घेऊन पुलावर गेली? स्वतःही मेली." मग शेजारणीनं कोपर मारलं तशी ती वरमली आणि लीलाबाईकडे वळली. "तुमची कोणी होती काय वो ते?"

 गुंजन पानाकडे पाहत होती. लीलाबाईनं तिच्या द्रोणात वरण वाढलं, पुढे पाण्याचा पेला सरकवला.

"हो," ती म्हणाली. "माहीच पोरगी होती. चूक झाली तिच्याच्यानं."